मराठीत लिहायला वर्ड प्रोसेसर कोणता घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीचं इतिवृत्त लिहिणारे चिटणीस, प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यावरचे विद्यार्थी, निवृत्तीनंतर आठवणी लिहायला बसलेले शिक्षक, दिवाळी अंकाची जुळवाजुळव करणारे संपादक, या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सॉफ्टवेअरची बहुतेक परीक्षणं इंग्रजी लिहिणाऱ्यांना समोर ठेवून केलेली असतात. मराठी लिहिणाऱ्याच्या अडचणी वेगळ्या असतात, म्हणून उत्तरंही मराठीच्याच बाजूने दिली आहेत.

सगळ्यात चांगला वर्ड प्रोसेसर कोणता, एवढंच सांगा ना.

तुमचा मजकूर शेवटी कोणाच्या हातात जाणार आहे ते आधी ठरवा. उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

फाईल सतत सरकारी कार्यालयात, वकिलाकडे किंवा कंपनीत जाणार असेल आणि तिथले लोक तीत बदल करून परत पाठवणार असतील, तर मायक्रोसॉफ्ट वर्ड घ्या. लिहिणारे तुम्ही एकटे असाल आणि शेवटी पीडीएफ किंवा छापील प्रत द्यायची असेल, तर लिबरऑफिस रायटर पुरतं आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. चारपाच जणांना एकाच मजकुरावर काम करायचं असेल, तर गूगल डॉक्स.

पण कोणतंही सॉफ्टवेअर घेतलंत तरी मजकूर युनिकोडमध्येच लिहा. एवढं एक सांभाळलं, तर सॉफ्टवेअर उद्या बदलता येतं. हे सांभाळलं नाही, तर सगळ्यात महागडं सॉफ्टवेअरही दहा वर्षांनी तुमचं लेखन तुम्हाला परत देऊ शकणार नाही.

युनिकोड म्हणजे नेमकं काय? आम्हाला तर अक्षरं नीट दिसल्याशी मतलब.

पूर्वी मराठी फॉन्ट बनवताना एक युक्ती केली जायची. संगणकाला फक्त इंग्रजी अक्षरं कळायची, म्हणून इंग्रजी अक्षराच्या जागी फॉन्टमध्ये मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असे. पडद्यावर ‘क’ दिसे, पण फाईलमध्ये साठवलेलं असे ते एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे जुने फॉन्ट, आकृती हे सगळे याच पद्धतीचे. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, त्यामुळे एकात लिहिलेलं दुसऱ्यात उघडलं की नुसती खिचडी.

युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे. जगातल्या कोणत्याही संगणकावर, कोणत्याही फॉन्टमध्ये तो ‘क’च राहतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यातला देवनागरीचा भाग इस्की या भारतीय प्रमाणावर बेतलेला होता. मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी आणि गोव्यातली देवनागरी कोंकणी या सगळ्यांसाठी तोच एक विभाग आहे.

जुन्या फॉन्टमधल्या मजकुरात शब्द शोधता येत नाही. तो व्हॉट्सॲपवर पाठवता येत नाही, ई-पुस्तकात घालता येत नाही, अंध वाचकाला वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यातून निरर्थक इंग्रजी उच्चारत बसतं. आपल्या भाषेतलं कितीतरी लेखन आज अशा फायलींमध्ये अडकून पडलं आहे, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. निदान नव्याने लिहिलं जाणारं तरी त्यात जाऊ नये.

माझा मजकूर युनिकोडमध्ये आहे की नाही, कसं ओळखू?

एखादा परिच्छेद निवडा आणि त्याचा फॉन्ट बदलून एरियल करा. अक्षरं मराठीच राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसू लागली तर नाही. तपासून झालं की लगेच पूर्ववत करा.

जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या शेकडो फायली आहेत. त्यांचं काय करायचं?

फॉन्ट कन्व्हर्टर नावाची साधनं मिळतात. काही इंटरनेटवर फुकट आहेत, काही विकत. मूळ फॉन्ट कोणता हे अचूक सांगावं लागतं, कारण कृतिदेवचा तक्ता शिवाजीला चालत नाही. मूळ फायलींची प्रत आधी वेगळी ठेवा आणि कामाला लागा.

रूपांतरानंतर चुका ठरावीक ठिकाणीच होतात, त्यामुळे नजर कुठे ठेवायची ते माहीत असलं की काम हलकं होतं. पहिली जागा ऱ्हस्व वेलांटीची. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेखन यंत्राप्रमाणे ती अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. जोडाक्षरावर वेलांटी असली की कन्व्हर्टर गोंधळतात. दुसरी जागा रफाराची: ‘सूर्य’, ‘कार्य’, ‘वर्षांनी’ असे शब्द डोळ्यांखालून घाला. तिसरी जागा मजकुरात मधेच आलेल्या इंग्रजी शब्दांची. कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून भलतंच काहीतरी करून ठेवतो, म्हणून इंग्रजी भाग वगळून रूपांतर करा. त्यानंतर संपूर्ण मुद्रितशोधन हे हवंच. ते टाळून कुणी कविता छापायला दिली, तर कवीवर अन्याय होईल.

सगळं एकदम करायला बसू नका. ज्या फायली पुन्हा लागणार आहेत त्या आधी घ्या. आणि ज्यांचा फॉन्टच आता सापडत नाही, पण छापील प्रत हाताशी आहे, त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे: पान स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि ते गूगल डॉक्सने उघडा. चित्रातली मराठी अक्षरं ओळखून ते मजकूर तयार करून देतं. छपाई स्वच्छ असेल तर काम बरंच चांगलं होतं.

लिबरऑफिस फुकट आहे म्हणजे त्यात काहीतरी कमी असणारच, नाही का?

फुकट आहे याचं कारण ते द डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था आणि जगभरातले स्वयंसेवक मिळून चालवतात. २०१० साली ते ओपनऑफिसपासून वेगळं झालं. (ओपनऑफिस अजूनही उतरवून घेता येतं, पण ते २०१४ साली आलेल्या ४.१ या मालिकेच्या पुढे गेलेलं नाही. ते घेऊ नका.) लिबरऑफिसचे मेनू मराठीतही मिळतात.

लेखकाला, शिक्षकाला, ग्रामपंचायतीच्या ठरावाला किंवा मंडळाच्या अहवालाला जे लागतं ते सगळं त्यात आहे: शैली (म्हणजे शीर्षक, परिच्छेद अशा प्रत्येक प्रकाराला एकदाच ठरवून नावाने साठवलेला फॉन्ट, आकार आणि अंतर), तळटीपा, अनुक्रमणिका, तक्ते, बदलांची नोंद आणि थेट पीडीएफ करण्याची सोय. मोठ्या लेखनासाठी त्यातल्या शैली मला वर्डपेक्षा जास्त शिस्तीच्या वाटतात. परिच्छेदाची शैली वेगळी, अक्षरांची वेगळी, पानाची वेगळी. प्रस्तावनेची पानं एका क्रमांकाने आणि मुख्य पुस्तकाची दुसऱ्या क्रमांकाने चालवायची असतील, तर पानाच्या शैलीमुळे ते सरळ जमतं.

अडचण देवघेवीत येते. वर्डमधली गुंतागुंतीची फाईल, म्हणजे तक्त्यात तक्ते, चौकटी, बाजूला सरकवलेली चित्रं असलेली, लिबरऑफिसमध्ये उघडली की मांडणी थोडी हलते. परत वर्डमध्ये नेली की आणखी हलते. साधा मजकूर, शीर्षकं आणि तळटीपा मात्र सहसा सुखरूप जातात. तेव्हा कार्यालयाने दिलेला नमुना भरून परत द्यायचा असेल, तर तो वर्डमध्येच भरावा हे बरं.

फाईल कोणत्या प्रकारात साठवायची हेही इथेच सांगतो. लिबरऑफिसचा स्वतःचा प्रकार ओडीटी, वर्डचा २००७ पासूनचा प्रकार डॉकएक्स. दोन्ही आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेची प्रमाणं आहेत, पहिलं २००६ पासून आणि दुसरं २००८ पासून. स्वतःची कामाची प्रत ओडीटीमध्ये ठेवा आणि दुसऱ्याला द्यायची तेवढी डॉकएक्स करा. दर वेळी दोन्हींमध्ये ये-जा करत राहिलात, तर मांडणी बिघडत जाते.

लिबरऑफिसमध्ये मराठी मजकुराचा फॉन्ट बदलतो, आकार वाढवतो, तरी काहीच होत नाही. वर्डमध्येही कधीकधी असंच होतं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. देवनागरीत अक्षरं एकमेकांना जोडली जातात, मात्रा वर जाते, उकार खाली. अशा लिप्यांना ही सॉफ्टवेअरं ‘कॉम्प्लेक्स’ लिपी म्हणतात आणि त्यांचा फॉन्ट व आकार इंग्रजीपासून वेगळा साठवतात. तुम्ही बदलता तो बऱ्याचदा इंग्रजीचा.

लिबरऑफिसमध्ये टूल्स, मग ऑप्शन्स, मग भाषांचा विभाग उघडा. तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या ओळीसमोर खूण करा आणि भाषा मराठी निवडा. त्यानंतर शैलीमध्ये फॉन्टच्या पानावर देवनागरीसाठी वेगळा रकाना दिसू लागेल. वर्डमध्ये फॉन्टची चौकट उघडलीत की ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ हा स्वतंत्र भाग दिसतो. मराठीचा फॉन्ट आणि आकार तिथे भरा.

एकदा हे करून ठेवलं की पुन्हा बघावं लागत नाही. लिबरऑफिस मराठीला चालत नाही असं म्हणणारे बरेच जण इथेच थांबलेले असतात.

वर्ड विकत घ्यायचं तर वर्गणीचं की एकदाच पैसे भरायचं?

वर्गणीत नव्या सोयी मिळत राहतात आणि ऑनलाइन साठवणही मिळते. एकदाच पैसे भरून घेतलेलं तुमच्याकडे राहतं, पण त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या ठरावीक वर्षंच मिळतात. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाल्या. कुणी स्वस्तात २०१९ देऊ करत असेल, तर हे लक्षात ठेवा.

विकत घेण्याआधी ब्राउझरमध्ये चालणारं फुकटचं वर्ड वापरून बघा. त्यात काही सोयी नाहीत, पण पत्र, अर्ज, चारपाच पानांचा लेख यांना ते पुरतं. महिन्यातून दोन पत्रं लिहिणाऱ्याने वर्गणी भरत राहण्याची मला तरी गरज वाटत नाही.

दुकानदाराने संगणकासोबत वर्ड ‘टाकून’ दिलंय. चालेल ना?

त्याची पावती किंवा परवाना तुमच्या नावावर नसेल तर नाही. असल्या प्रतींसोबत येणारी, परवान्याची तपासणी चुकवणारी छोटी साधनं अनेकदा व्हायरस घेऊन येतात. ज्या यंत्रावर बँकेचा व्यवहार होतो त्यावर ती नकोतच. लिबरऑफिस घाला आणि निर्धास्त राहा.

गूगल डॉक्स सगळीकडे चालतं, मग बाकी काही हवंच कशाला?

अनेकांना खरोखरच बाकी काही लागत नाही. एकाच स्मरणिकेवर पुण्यात, मडगावात आणि न्यू जर्सीत बसलेली माणसं एकाच वेळी काम करतात, कोणी काय बदललं ते दिसतं, जुनी आवृत्ती परत आणता येते. साठवायला विसरण्याची भीती नाही. आणि बोलून टाइप करण्याची मराठी सोय त्यात आहे. ज्यांची बोटं कीबोर्डवर चालत नाहीत, पण सांगण्यासारखं खूप आहे, अशा वडीलधाऱ्यांसाठी मी तीच सुचवतो. संगणकावर क्रोममध्ये डॉक्स उघडा, टूल्समध्ये ‘व्हॉइस टायपिंग’ घ्या, भाषा मराठी निवडा आणि सावकाश बोला. विरामचिन्हं आणि परिच्छेद मागाहून घालावे लागतात.

तीन ठिकाणी ते अपुरं पडतं. इंटरनेट नसलेल्या गावी ते चालतं, पण ऑफलाइनची सोय आधी सुरू करून ठेवलेली असेल तरच. मोठ्या पुस्तकात ते जड होतं, आणि एका फाईलला सुमारे १०.२ लाख अक्षरचिन्हांची मर्यादा आहे. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांपैकी प्रत्येक वेगळं मोजलं जातं, हे कादंबरी लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावं. आणि तिसरं म्हणजे सगळं एका खात्यावर उभं असतं. पासवर्ड हरवला, खातं बंद झालं तर लेखनही गेलं. फुकट मिळणारी १५ जीबी जागा ईमेल आणि फोटोंमध्येही वाटली जाते. म्हणून पूर्ण झालेली प्रत्येक गोष्ट उतरवून स्वतःच्या यंत्रावर ठेवा.

झोहो रायटर किंवा ॲपलचं पेजेस?

झोहो ही चेन्नईची कंपनी. रायटर वैयक्तिक वापरासाठी फुकट आहे, दिसायला नीटस आहे आणि गूगल डॉक्सच्या जातीचं काम चांगलं करतं. पेजेस मॅक आणि आयफोनवर आयतंच मिळतं, देवनागरी त्यात देखणी दिसते. फक्त फाईल बाहेर देताना डॉकएक्स किंवा पीडीएफ करून द्या, कारण पेजेसची फाईल समोरच्याच्या विंडोजवर उघडणार नाही.

माझ्याकडे फक्त फोन आहे. त्यावर पुस्तक लिहिता येईल का?

येईल, आणि लोक लिहीतही आहेत. फोनवर गूगल डॉक्स किंवा वर्डचं ॲप घ्या आणि जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्ड ॲपमध्ये मराठी कीबोर्ड घाला. व्हॉट्सॲपच्या संदेशात किंवा स्वतःलाच पाठवलेल्या निरोपांमध्ये प्रकरणं साठवू नका. फोन बदलताना ती हमखास निसटतात. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल ठेवा, लहान पडद्यावर लांब फाईल हाताळणं जिकिरीचं होतं. अखेरची मांडणी करायला मात्र चार दिवस कुणाचा तरी संगणक मिळवा.

कीबोर्ड कोणता शिकू? इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन की इंग्रजीतून मराठी?

नव्याने शिकणाऱ्याने इनस्क्रिप्ट शिकावा, हे माझं ठाम मत आहे. तो विंडोज, लिनक्स, मॅक आणि फोनवर आयता मिळतो. स्वर एका हाताला, व्यंजनं दुसऱ्या हाताला, अशी त्याची रचना वर्णमालेला धरून आहे. रोज थोडा सराव केला की काही आठवड्यांत हात बसतो, आणि तोच कीबोर्ड गुजराती किंवा बंगालीलाही जवळजवळ तसाच लागू पडतो.

रेमिंग्टन ही टंकलेखन यंत्राची मांडणी. ज्यांची बोटं तिच्यावर वर्षानुवर्षं बसलेली आहेत, त्यांनी ती सोडायची गरज नाही. युनिकोडमध्ये रेमिंग्टनप्रमाणे टाइप करू देणारी साधनं आहेत. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो. त्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी मात्र परीक्षेत कोणता कीबोर्ड दिला जाणार आहे हे आधी पाहून त्यावरच सराव करावा.

इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी पद्धत सुरुवातीला सोपी वाटते. विंडोज १०च्या मे २०१९च्या अद्ययावत आवृत्तीपासून ‘मराठी फोनेटिक’ नावाने ती आयती मिळते. पत्रव्यवहाराला ठीक आहे. पण लांब लिहिताना ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’, ऱ्हस्व आणि दीर्घ यांच्यासाठी मन आधी इंग्रजी अक्षरांत जातं आणि मग मराठीत येतं. लिहिण्याची लय त्यात तुटते.

शुद्धलेखन तपासणारं कोणतं सॉफ्टवेअर आहे?

वर्डमध्ये मराठीची तपासणी आहे. त्यासाठी मराठीचा भाषा-संच घालावा लागतो. लिबरऑफिससाठी मराठीचा शब्दकोश विस्तार (एक्स्टेंशन) म्हणून वेगळा घालायला मिळतो. दोन्हीकडे मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली असली पाहिजे. ती इंग्रजी किंवा हिंदी राहिली असेल, तर प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ येते आणि माणूस वैतागून तपासणीच बंद करून टाकतो.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. मराठीत शब्दाला प्रत्यय लागत जातात. ‘घर’पासून ‘घरासमोरच्यांनीसुद्धा’पर्यंत किती रूपं होतील ते मोजा. शब्दकोशात ती सगळी असणं शक्य नाही, म्हणून बिनचूक शब्दांखालीही रेघ येते. उलट ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘शिर’ आणि ‘शीर’ हे सगळे शब्द आपापल्या जागी बरोबरच आहेत, त्यामुळे चुकीच्या जागी आले तरी यंत्र गप्प राहतं.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम अठराच आहेत, १९६२चे चौदा आणि १९७२चे चार. ते छापून टेबलाशी ठेवा. आणि पुस्तक असेल तर मुद्रितशोधकाला त्याचं मानधन देऊन काम द्या. या कामाला अजून पर्याय निघालेला नाही.

शब्द समोर दिसतोय, पण ‘शोधा’ केलं तर सापडत नाही. असं का होतं?

युनिकोडमध्येही काही अक्षरं दोन रीतींनी लिहिता येतात, आणि ती दिसायला सारखीच असतात. ‘वाऱ्यावर’मधला तो आडवा र घ्या. एका रीतीत तो ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलंत, म्हणजे पाय मोडण्याचं चिन्ह, जोडून होतो. दुसऱ्या रीतीत साध्या ‘र्’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. डोळ्याला दोन्ही एक, संगणकाला दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तसंच. कुणी एकसंध ‘ॲ’ टाइप करतं, कुणी ‘अ’वर चंद्र देतं. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे त्याआधीच्या मजकुरात तुम्हाला दुसरी रीतच सापडेल.

एकटे लिहीत असाल तर हे कधी जाणवणार नाही. पण दिवाळी अंकात पंचवीस लेखकांचे लेख पंचवीस कीबोर्डवरून येतात. तिथे काम सुरू करताना ‘शोधा आणि बदला’ वापरून एकच रीत लावून घ्या. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे दाबलं की ‘ऱ’ मिळतो, तीच रीत सगळ्यांना सांगा. शब्दसूची करणाऱ्यांनी तर हे केल्याशिवाय पुढे जाऊच नये, नाहीतर एकच शब्द सूचीत दोन ठिकाणी पडतो.

प्रबंध लिहायचा आहे. काय वापरू?

मार्गदर्शक आणि विद्यापीठ डॉकएक्स मागत असतील तर वर्ड, नसेल तर लिबरऑफिस. काहीही घ्या, पण पहिल्या दिवसापासून शीर्षकांना ‘हेडिंग’च्या शैली लावा. नुसतं ठळक आणि मोठं करू नका. शैली लावल्या असतील तर अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि पानं हलली तरी एका क्लिकवर सुधारते. शेवटच्या आठवड्यात तीनशे पानांची अनुक्रमणिका हाताने लिहिणारी मुलं दर वर्षी दिसतात. त्यांचे ते कष्ट वाचले पाहिजेत, म्हणून हे इतक्या आग्रहाने सांगतो.

संदर्भसूचीसाठी झोटेरो हे फुकट साधन वापरा. ते वर्ड, लिबरऑफिस आणि गूगल डॉक्स तिन्हींशी जोडतं. एकदा जोडलं की प्रबंध संपेपर्यंत वर्ड प्रोसेसर बदलू नका. संदर्भांचे दुवे त्या बदलात तुटू शकतात. गणित किंवा भौतिकशास्त्र मराठीत लिहिणाऱ्यांनी झीलॅटेक (XeLaTeX) बघावं. त्यात मजकुरात खुणा घालून लिहायचं असतं आणि मांडणी ते करतं. शिकायला वेळ लागतो, पण समीकरणं आणि देवनागरी इतकी सुबक एकत्र दुसरीकडे क्वचितच दिसतात.

फॉन्ट कोणता चांगला?

वाचायला सोपा आणि मोफत हवा असेल तर मुक्ता. तो मुंबईच्या एक टाइपने केला आहे. पुस्तकी वळणासाठी तिरो देवनागरी मराठी किंवा राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा. संस्कृत उद्धरणं भरपूर असतील तर आयआयटी मुंबईचा शोभिका, कारण त्यात अवघड जोडाक्षरं नीट उमटतात. मंगल हा विंडोजसोबत मिळतो म्हणून वापरला जातो. पडद्यावर ठीक, छपाईत मला तो आवडत नाही.

‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात, अशी तक्रार नेहमी येते. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी नोंदवली की मराठी वळण आपोआप येतं. नाही आलं तर मराठी वळणाचाच फॉन्ट घ्या. शिवाय ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’ या पर्यायावर कधी ठेवू नका. वरच्या मात्रा आणि रफार कापले जातात.

प्रकाशक म्हणतात, फाईल जुन्या फॉन्टमध्येच द्या. काय करू?

त्यांच्या डीटीपी ऑपरेटरकडे पेजमेकर हे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर असणार. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ साली आली आणि त्याला युनिकोड समजत नाही. अनेक वर्षांचा हात बसलेला असतो, जुन्या पुस्तकांच्या फायली त्यात असतात, त्यामुळे ऑपरेटर ते सोडायला कचरतात. त्यांची अडचण खरी आहे. पण तुम्ही तुमचा मजकूर युनिकोडमध्येच लिहा आणि युनिकोडमध्येच द्या. रूपांतर त्यांच्याकडे होऊ दे.

इनडिझाइन हे पानं मांडायचं दुसरं सॉफ्टवेअर सीएस६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२पासून, मराठी युनिकोड नीट मांडतं. परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावलं की जोडाक्षरं जुळतात. ते लावलेलं नसलं की अक्षरं तुटतात आणि लोक म्हणतात युनिकोड छपाईला चालत नाही. प्रकाशकाशी बोलताना हा मुद्दा जरूर काढा. स्वतःच पुस्तक काढत असाल आणि मांडणी साधी असेल, तर लिबरऑफिसमधून केलेली पीडीएफ छापखान्याला थेट देता येते.

करार करताना अंतिम मुद्रिताची युनिकोड प्रत तुम्हाला मिळेल, हे लिहून घ्या. प्रूफांतल्या दुरुस्त्या ऑपरेटरच्या फाईलमध्ये होतात आणि लेखकाकडे राहते ती दुरुस्त्यांआधीची प्रत. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी किंवा ई-पुस्तक करताना याची किंमत कळते.

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेलो की सगळं बदलतं.

त्यांच्याकडे तुमचा फॉन्ट नाही. घरूनच पीडीएफ करून न्या. तिथे दुरुस्ती करावी लागेल असं वाटत असेल, तर वर्डच्या पर्यायांमध्ये फॉन्ट फाईलमध्ये बसवण्याची सोय आहे, ती सुरू करून फाईल साठवा. अमेरिकेतल्या मंडळांनी भारतात छापायला काही पाठवताना पानाचा आकारही तपासावा. तिकडे ‘लेटर’ असतं, इकडे ए४, आणि तेवढ्याने सगळी पानं सरकतात.

संगणक फार जुना आहे. काय चालेल?

लिबरऑफिस बहुतेक जुन्या यंत्रांवर चालतं. अगदीच मंद असेल तर नोटपॅडमध्ये युनिकोडमध्ये लिहा आणि मांडणी दुसरीकडे करा. वर्डपॅड वापरणाऱ्यांनी लक्षात घ्या, विंडोज ११च्या २०२४च्या आवृत्तीपासून ते काढून टाकलं आहे.

फायली कुठे आणि किती ठिकाणी ठेवाव्यात?

एक यंत्रावर, एक ऑनलाइन, एक पेनड्राइव्हवर किंवा घरातल्याच दुसऱ्या यंत्रावर. फाईलच्या नावात तारीख घाला, ‘अंतिम’ हा शब्द घालू नका, कारण त्यानंतरही बदल होतातच. लिबरऑफिसमध्ये आणि वर्डमध्ये दर काही मिनिटांनी आपोआप नोंद ठेवण्याची सोय असते. ती सुरू आहे का ते आज पाहून घ्या आणि अंतर पाच मिनिटांवर आणा. वीज जाण्याची वेळ ठरलेली नसते.